मूळ पोथी आणि गणिताचा वर्ग



युनियनचा माणूस गणितावर काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. कॉलेजची पायरी मी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. पण आमच्या कामात एक गोष्ट पक्की शिकलो: कराराचा गोषवारा कोणी कितीही गोड करून सांगो, मूळ कागद कामगाराने स्वतः वाचावा. विद्यापीठात गणित मात्र बहुधा गोषवाऱ्यानेच शिकवतात. व्याख्या, प्रमेय, सिद्धता. घाम गाळणारा माणूस कुठे दिसत नाही. मग कामगाराचा मुलगा नापास झाला की म्हणतो, ‘माझ्या डोक्यात बसत नाही.’ तेच बसायला मोठमोठ्यांना शतके लागली, हे त्याला कोण सांगणार?

एक उदाहरण घेऊ. अशी पूर्ण संख्या शोधा, की तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. याला ‘पेलचे समीकरण’ म्हणतात. पेलसाहेबांचा त्यात फारसा हात नाही. ऑयलरच्या चुकीने नाव चिकटले. माल एकाचा, शिक्का दुसऱ्याचा, हे आम्हांला नवे नाही! फर्माने ६१ चा हाच प्रश्न १६५७ साली युरोपातील गणितज्ञांपुढे टाकला. आपल्या भास्कराचार्यांनी तो ११५० च्या सुमारास ‘बीजगणिता’त सोडवून ठेवला होता.

त्यांची रीत पाहा. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ जास्त. आता असा आकडा घ्या, की त्यात ८ मिळवून ३ ने भाग जावा आणि त्याचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. तो ७. सात आणि आठ पंधरा, भागिले ३, आले ५. आठ साते छप्पन्न, अधिक ६१, भागिले ३, आले ३९. ३९ चा वर्ग १५२१; पाचाच्या वर्गाची ६१ पट १५२५. फरक उणे ४. इथे ब्रह्मगुप्ताची जुनी युक्ती हाताशी येते आणि उत्तर निघते २२,६१,५३,९८०.

ही रीत दर वेळी तडीस जाईलच, याची सिद्धता मात्र आचार्य देत नाहीत. असे समीकरण नेहमी सुटते, हे अठराव्या शतकात लाग्रांजने सिद्ध केले. मला तर वर्गातली हीच जागा सोन्याची वाटते. ‘कशावरून सुटेल?’ असे पोरगे आपण होऊन विचारते, आणि मग सिद्धता त्याला हवीशी होते.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठात लाउबेनबाखर आणि पेंगेली यांनी १९८० नंतरच्या दशकात असे मूळ लेखांवरचे वर्ग सुरू केले. वेळ जातो, संस्कृत सूत्रे कळत नाहीत, हे आक्षेप खरे आहेत. पण कोलब्रुकचा इंग्रजी अनुवाद १८१७ पासून छापील आहे, आणि मी सबंध वर्षाची मागणी करीत नाही. एका सत्रात दोन पाने वाचून घ्या, एवढेच प्राध्यापकांपुढे ठेवतो.