नांदेड ते अमृतसर : अंतर आणि अवधी

दोन गावांमधील अंतर किती, असे विचारले असता सुज्ञ मनुष्य उलट विचारील, की ते कोसांत सांगावे की तासांत? विमानाच्या प्रवासात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे.

परमेश्वराच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेले हिमायतनगर, म्हणजे पूर्वीचे वाढोणा, येथील एखाद्या घरचा मुलगा अमृतसरच्या छावणीत शिपाई आहे, अशी कल्पना करावी. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप त्यास मिळतो. तो घरी किती वेळात पोहोचेल?

प्रथम अंतर पाहू. नांदेड सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर, तर अमृतसर 31 अंशांच्या थोडे पुढे आहे. फरक साडेबारा अंशांचा. एका अंशास 111 किलोमीटर धरले, तर दक्षिणोत्तर अंतर सुमारे 1390 किलोमीटर भरते. अमृतसर किंचित पश्चिमेस असल्यामुळे आडवे अंतर सुमारे 250 होते. या दोन बाजूंचा कर्ण काढला, की हवाई अंतर सुमारे 1400 किलोमीटर येते. आगगाडीस मात्र ही सरळ रेषा लाभत नाही. सचखंड एक्सप्रेस प्रथम पश्चिमेस मनमाडकडे जाते, मग भोपाळ व दिल्ली करीत अमृतसर गाठते. हा मार्ग 2000 किलोमीटरांहून अधिक असून त्यास सुमारे दीड दिवस लागतो.

ताशी 800 किलोमीटर वेगाने 1400 किलोमीटर पावणेदोन तासांत संपावेत. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे यांतही वेळ जातो. म्हणून अशा प्रवासास अडीच तास धरणे योग्य. वारा समोरून असेल तर आणखी थोडा उशीर.

गुरू गोविंदसिंगांचे निर्वाण 1708 साली नांदेडास झाले. तेव्हापासून ही दोन्ही शहरे शीख यात्रेकरूंच्या मनात जोडलेली आहेत. 2017 च्या डिसेंबरात एअर इंडियाने त्यांच्यामध्ये थेट विमान सुरू केले, ते याच कारणाने. परंतु विमानांची वेळापत्रके बदलतात, सेवा सुरू होतात आणि बंदही पडतात. अंतर तेवढे कायम राहते.

आता त्या शिपायाचा हिशेब करू. विमान शनिवारी व रविवारीच सुटत असेल आणि निरोप सोमवारी आला, तर अडीच तासांच्या प्रवासासाठी पाच दिवस थांबावे लागेल. रोज सुटणारी आगगाडी त्यास बुधवारी नांदेडास आणून सोडील. तेथून हिमायतनगर सरळ रेषेत साठेक किलोमीटर. मुदखेडवरून जाणारी गाडी किंवा रस्ता, यांपैकी जे आधी मिळेल ते त्याने धरावे.

हे सत्य नवे नव्हे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे मद्रासकडे नेले, तेव्हा रात्र बेल्लारीस काढावी लागली. विमान वेगवान होते, पण अंधारापुढे त्या वेगाचे काही चालले नाही.

तेव्हा प्रवासाचा अवधी विमानतळापासून न मोजता निरोप हाती पडल्यापासून मोजावा. अंथरुणाशी बसून वाट पाहणारे घर तो तसाच मोजत असते.