मोटर जाम का झाली?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी नायगावचा, इतिहासाचा मास्तर. इंजिनाशी संबंध आला तो मामूंमुळे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात त्यांची होडी. तिची आऊटबोर्ड मोटर समुद्रात जाम झाली. कारागिराने उसनवारीच्या पैशांत नवा पिस्टन बसवला. आठवड्यात मोटर पुन्हा जाम!

सुट्टीत मामूंनी ती माझ्यासमोर उघडली. "पिस्टन मेला ते दिसतंय, मास्तर. का मेला ते बघू."

पिस्टनवर लांब ओरखडे होते. पेट्रोलमध्ये तेल कमी पडले तरी असे होते. पण तेल मामू स्वतः मापून घालत. स्पार्क प्लग मात्र पांढराफटक, म्हणजे उष्णता. ही मोटर समुद्राचेच पाणी ओढून थंड राहते. ओढणारा पंप म्हणजे रबरी पात्यांचे चाक. उघडले, तर दोन पाती गायब! कारागिराने पंप पाहिलाच नव्हता. नापास मुलाला कारण न विचारता शिकवणी सुचवणारा मीही त्यातलाच.

नवे चाक घालणे सोपे. पण तुटलेले तुकडे गेले कुठे? संध्याकाळपर्यंत पाण्याच्या वाटा उकरल्या. एक तुकडा नळीच्या वळणात, दुसरा सिलिंडरजवळ मिठाच्या थरात सापडला.

मग सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन, नव्या रिंगा, नवे गॅस्केट. मोटर पाण्याच्या पिंपात बुडवूनच सुरू केली. कोरडी चालवली तर रबर लगेच जळते. आवाजाकडे मामूंचे लक्षच नव्हते. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार येते का, तेवढेच पाहत होते. आली.