सायंकाळचे श्रोते : निवृत्तांच्या वसाहतीतील ऑपेरा-रसग्रहण



मुंबईच्या व्यापारीवर्गाला ‘ऑपेरा हाउस’ म्हटले की प्रथम हिऱ्यांचा बाजार आठवतो. ज्या नाट्यगृहामुळे त्या परिसरास हे नाव लाभले, त्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०१६ साली ते पुन्हा उघडले. परंतु ऑपेरा म्हणजे नेमके काय, हे त्या रस्त्याने आयुष्यभर ये-जा करणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० सालच्या ‘संगीत शाकुंतला’त पदे आणि गद्य संवाद आलटून-पालटून येतात. वेर्दी किंवा पुच्चिनी यांच्या ऑपेरात मात्र साधा निरोपही गाऊनच दिला जातो; तोही ध्वनिक्षेपकाविना, संपूर्ण वाद्यवृंदाच्या नादातून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवून.

अमेरिकेत निवृत्तांच्या स्वतंत्र वसाहती मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. अ‍ॅरिझोना राज्यातील ‘सन सिटी’ ही त्यांपैकी एक विख्यात वसाहत १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली. अशा वसाहतींतून गोल्फ, पोहणे आणि पत्ते यांच्या जोडीला ऑपेरा-रसग्रहणाचे वर्गही चालतात. त्याची मुळे रेडिओत आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९३१ च्या नाताळच्या दिवशी ‘हान्सेल आणि ग्रेटेल’ नभोवाणीवरून प्रक्षेपित केले आणि पुढे शनिवारच्या दुपारचे प्रक्षेपण कित्येक घरांचा परिपाठ बनले. ३० डिसेंबर २००६ पासून तेथील प्रयोग चित्रपटगृहांच्या पडद्यावर थेट दिसू लागले. मुंबईच्या एनसीपीएमध्येही ते दाखविले गेले आहेत.

असा वर्ग चालविणे वरवर सोपे भासते. पडदा, ध्वनियंत्रणा आणि चार तबकड्या असल्या की झाले, अशी संयोजकांची समजूत असते. प्रत्यक्षात पहिली अडचण कानांची. वाढत्या वयात प्रथम उच्च स्वर क्षीण होतात आणि व्यंजने एकमेकांत मिसळतात. तेव्हा आवाज वाढविल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, केवळ गोंगाट वाढतो. श्रवणयंत्राशी जोडणारी लूप व्यवस्था सभागृहात असेल तर उत्तम. नसेल तर मोठ्या अक्षरांतील अनुवादपट्टी हाच आधार. नाट्यगृहात रंगमंचाच्या वर अनुवाद झळकविण्याची पद्धत टोरांटो येथे १९८३ साली ‘इलेक्ट्रा’च्या प्रयोगापासून रूढ झाली. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली, पण भाषा न जाणणाऱ्यांवर या पद्धतीचे उपकार अपार आहेत. विश्वस्तांनी आणखी एक पथ्य पाळावे : घरगुती वापरासाठी घेतलेली तबकडी सामूहिक प्रदर्शनास चालतेच असे नाही, परवान्याची चौकशी आधी करावी.

वेळेचा हिशेबही नेमका हवा. तीन तासांचे नाटक एका बैठकीत रेटू नये. एका दुपारी एक अंक, आधी पंधरा मिनिटे कथानक आणि एखादे गीत दोनदा ऐकविणे, एवढे पुरे. संगीतकाराचे समग्र चरित्र सांगत बसणारा व्याख्याता हा अशा वर्गांचा खरा शत्रू होय.

परंतु सर्वांत अवघड प्रश्न निवडीचा आहे. वृद्धांना दुःखान्त कशाला दाखवावे, विनोदी आणि हलकेफुलके काही लावावे, असा सल्ला हितचिंतक हमखास देतात. त्या सल्ल्यात करुणा असली तरी आदर नाही. ज्यांनी जोडीदार गमावला, व्यवहारात बुडीत पाहिली, लेकरे दूरदेशी धाडली, त्यांच्यापासून मरण लपवून काय साधणार?

वेर्दींचे ‘ला त्राव्हियाता’ घ्यावे. १८५३ साली व्हेनिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग पडला. पुढच्याच वर्षी त्याच नगरात ते उचलले गेले. क्षयाने ग्रासलेली व्हायोलेता आल्फ्रेदोसह सुखात राहत असता त्याचा पिता दारी येतो. तुमच्या संबंधामुळे माझ्या कन्येचा विवाह अडला आहे, माझ्या मुलाला सोडा, अशी त्याची याचना. विशीतला श्रोता या पित्याला तत्काळ दोषी ठरवितो. ज्याने स्वतः मुलीचे लग्न जमविताना चार घरांचे उंबरे झिजविले आहेत, त्याला त्या पित्याची भीतीही कळते आणि तो करीत असलेला अन्यायही. अखेरच्या अंकात पिता पश्चात्तापदग्ध होऊन परततो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. हा दुसरा अंक दाखवून झाल्यावर दिवे लावावेत आणि व्याख्यात्याने गप्प बसावे. वर्गाचा खरा प्रारंभ तेथे होतो.

रिचर्ड स्ट्राउस यांच्या १९११ सालच्या ‘डेर रोझेनकाव्हालियर’मध्ये एक सरदारपत्नी सांगते की, काही वेळा मध्यरात्री उठून ती घरातील सगळी घड्याळे थांबविते. वस्तुतः ती वृद्ध नाही. वयाची केवळ चाहूल तिला लागली आहे. ते गाणे कळण्यास जर्मन यावी लागत नाही.

वर्गाची सांगता ‘फाल्स्टाफ’ने करावी. हे खळाळते विनोदी ऑपेरा १८९३ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम झाले, तेव्हा वेर्दी ७९ वर्षांचे होते. त्याच सुमारास ते मिलानमध्ये वृद्ध आणि निर्धन संगीतकारांसाठी निवासगृह उभारण्याच्या उद्योगात होते. भूखंड १८८९ साली घेतलेला, आराखडा वास्तुविशारद कामिल्लो बोइतो यांचा. इमारत १८९९ साली पूर्ण झाली, तरी आपल्या हयातीत कोणी आभार मानू नयेत म्हणून मृत्यूपूर्वी ती उघडू नये असा त्यांचा आग्रह होता. १९०१ च्या जानेवारीत ते निवर्तले. १० ऑक्टोबर १९०२ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, पहिले निवासी आत आले. आपल्या रचनांच्या हक्कांचे उत्पन्न त्यांनी या संस्थेस लावून दिले होते आणि त्यावर ती अनेक दशके चालली. केवळ इमारत बांधून न थांबता तिच्या रोजच्या खर्चाची तजवीज करणारा दाता विरळाच. आपल्या सर्व कृतींमध्ये हे घर त्यांना सर्वाधिक प्रिय होते. वेर्दी आणि पत्नी ज्युसेप्पिना यांच्या समाधी तेथेच आहेत. अलीकडील दशकांत तेथे संगीताचे तरुण विद्यार्थीही राहू लागले आहेत.

ही हकीकत ‘फाल्स्टाफ’ संपल्यानंतर सांगावी, आधी नव्हे. त्या दिवशी प्रश्नोत्तरे ठेवू नयेत. चहा मात्र थोडा लवकर मागवावा.