नेहमीचा दुसरा : पाउल केरेस



बुद्धिबळाच्या जगज्जेत्यांची नावे आपणांपैकी पुष्कळांना पाठ असतील. आज आम्ही ज्याच्याविषयी बोलणार आहोत, तो त्या यादीत नाही. तथापि कापाब्लांकापासून फिशरपर्यंत नऊ जगज्जेत्यांना त्याने पटावर कधी ना कधी हरविले होते. त्याचे नाव पाउल केरेस.

एस्टोनिया हा बाल्टिक किनाऱ्यावरचा चिमुकला देश. तेथील नार्वा गावी १९१६ साली केरेस जन्मला आणि पेर्नू गावी वाढला. गावात तोडीचा प्रतिस्पर्धी मिळेना, तेव्हा या पोराने टपालाने खेळावयास आरंभ केला. एक चाल लिहावी, पत्र पेटीत टाकावे आणि उत्तराची वाट पाहावी! असे सुमारे दीडशे डाव तो एकाच वेळी खेळत असे. आम्हांला एका डावातले घोडे सांभाळता सांभाळता पुरेवाट होते.

१९३८ साली हॉलंडमधील आव्रो स्पर्धेत अलेखाइन, कापाब्लांका, बोट्विनिक यांना मागे टाकून केरेस व फाइन हे बरोबरीने पहिले आले. त्या दोघांतील डावांत केरेस सरस ठरला होता. आता जगज्जेत्या अलेखाइनशी सामना व्हावा, अशी सर्वांची अपेक्षा. परंतु १९३९ च्या सप्टेंबरात, ब्यूनॉस आयरेसला सांघिक स्पर्धा चालू असतानाच, युरोपात युद्ध भडकले. कित्येक खेळाडू आर्जेंटिनातच राहिले. पोलंडचा नायडॉर्फ त्यांतलाच. केरेस मात्र मायदेशी परतला. आमच्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत महाग चाल हीच. १९४० साली सोव्हिएत सत्ता आली, पुढच्या वर्षी जर्मन आले, १९४४ साली पुन्हा सोव्हिएत! जर्मन अमलात तो स्पर्धा खेळला, त्याचा ठपका मागाहून त्याच्यावर आला.

१९४८ च्या जगज्जेतेपदाच्या स्पर्धेत बोट्विनिकशी झालेल्या पाच डावांपैकी पहिले चार तो हरला. वरून हुकूम होता, असा संशय लोकांनी पुष्कळ घेतला. पुरावा मात्र कोणी पुढे ठेवला नाही. संशयावर माणसाचा निवाडा करू नये, असे आम्हांस वाटते. पण ज्याच्या मानेवर ठपका टांगलेला आहे, त्याचा हात पटावर मोकळा चालेल काय?

त्यानंतर आव्हानवीर ठरविण्याच्या स्पर्धांत १९५३, १९५६, १९५९ आणि १९६२ असा चार वेळा तो दुसऱ्या स्थानी राहिला. कधी एकटा, कधी इतरांबरोबर. क्युरासाओला १९६२ साली तर पेट्रोस्यानपेक्षा अर्धाच गुण कमी! शेवटून दुसऱ्या फेरीत तो बेन्कोकडून हरला. याच बेन्कोला त्याने त्याच स्पर्धेत आधी हरविले होते.

१९७५ साली व्हँकुव्हरची स्पर्धा जिंकून तो घरी निघाला आणि वाटेत हेलसिंकी येथे हृदयविकाराने वारला. टालिनमध्ये अंत्ययात्रेला लाखभर लोक लोटले, असे सांगतात. पुढे एस्टोनिया स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या पाच क्रूनच्या नोटेवर कोणा सेनापतीचे नव्हे, केरेसचे चित्र आले. २०११ साली युरो येईपर्यंत ती नोट बाजारात भाजीपाल्याला चालत होती. तिच्या पाठीमागे नार्व्याचा किल्ला होता.