माणशी अर्धा एकर पाणी



लोकसंख्येचा विषय निघाला की आपण आकड्यांनी भयभीत होतो. २०२३ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार, भारताने चीनला मागे टाकले. परंतु या आकड्याच्या जोडीला आणखी एक आकडा ध्यानात घेतला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा जननदर २.० वर, तर महाराष्ट्राचा १.७ वर आलेला आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ असावा लागतो. म्हणजे कुटुंबे लहान झाली आहेत. तरीही तरुणांची संख्या मोठी असल्यामुळे एकूण लोकसंख्या आणखी काही दशके वाढतच राहील. तेव्हा केवळ 'मुले कमी होऊ द्या' असा उपदेश करून आपले कर्तव्य संपत नाही. जे आहेत आणि जे येणार आहेत, त्यांना ही भूमी पुरणार कशी, हा खरा प्रश्न आहे.

भूमीची मर्यादा सर्वांत आधी जाणवते ती पाण्यात. १९५१ मध्ये देशात दरडोई वार्षिक ५,१७७ घनमीटर पाणी उपलब्ध होते. २०२१ साठी हाच अंदाज १,४८६ घनमीटर इतका खाली आला. पावसाचे दान साधारण तेवढेच राहिले, वाटेकरी वाढले.

मात्र केवळ माथी मोजून हा हिशेब पूर्ण होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागवण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात उसाचे मळे होते आणि साखर कारखानेही होते. पिकाखालील जमिनीचा लहानसा हिस्सा व्यापणारा ऊस राज्यातील सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा घेतो, हे जलतज्ज्ञ अनेक वर्षे सांगत आले आहेत. वाटेकरी किती, याबरोबरच कोणाचा वाटा किती, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर कृतीत आणणारा एक माणूस याच महाराष्ट्रात होऊन गेला. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. त्याचे नियम सोपे होते. पाण्याचा वाटा जमिनीच्या मालकीवर नव्हे, तर घरातील माणसांवर ठरेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा मिळेल. ऊस लावायचा नाही.

या नियमातील शहाणपण पाहा. पाचव्या माणसापर्यंत घराचा वाटा वाढतो. सहाव्याला तो आहे त्यातूनच द्यावा लागतो. कोणी विचारील, त्या सहाव्याचा दोष काय? शंका रास्त आहे. परंतु तीच मर्यादा वीस एकरांच्या धन्यालाही बांधून घालते. लेकुरवाळ्या गरिबाला संयम शिकवायचा आणि धनवानाच्या विहिरीकडे पाहायचे नाही, असा दुटप्पीपणा त्यात नाही.

याच्या उलट मार्गही या देशाने पाहिला आहे. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील असंख्य सक्तीने. त्या सक्तीने कुटुंबनियोजन हा शब्दच पुढे कित्येक वर्षे बदनाम केला. सत्तेने लादलेली मर्यादा लोक झुगारतात. गावाने एकत्र बसून ठरवलेली पाळतात.

साळुंखे २००२ मध्ये गेले. त्यांचा नियम राज्यभर रुजला नाही, कारण तो मोठ्यांच्या सोयीचा नव्हता. परंतु आपण तो आपल्यापुरता लागू करू शकतो. गावात असाल, तर पेरणीपूर्वी पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा आग्रह ग्रामसभेत धरा. शहरात असाल, तर आपल्या सोसायटीचे पाणी दरडोई किती पडते आणि टँकर कुठल्या गावाची विहीर उपसून येतो, याची चौकशी करा. दोन मुलांचे सुशिक्षित घर दहा माणसांचे पाणी वापरत असेल, तर त्याला लहान कुटुंब कसे म्हणावे?