एक आडनांव, अनेक कुळें

प्राणहिता ओलांडतांच कानीं तेलुगु पडूं लागते. आडनांवें मात्र ऐलतीराचींच राहतात. गडचिरोली-चंद्रपुराकडील गोंडांचीं आत्राम, मडावी, सिडाम हीं नांवें तेलंगणांतील गोंडांतहि आढळतात. हें साम्य केवळ उच्चाराचें नव्हे. गोंडांत आडनांव म्हणजे कूळ, आणि प्रत्येक कुळाचे देव ठरलेले: चार, पांच, सहा किंवा सात. जेथें देवांची संख्या सारखी, तेथें भाऊपण. तेथें सोयरीक होत नाहीं. म्हणून नदीपलीकडची मुलगी पाहतांनाहि वडीलधारे आधीं देव विचारतात.

परंतु नांवाचें साम्य नेहमींच रक्ताचें नसतें. केसलापुरास नागोबाची पूजा करणारे मेश्राम हे गोंड. विदर्भांतील कित्येक बौद्ध कुटुंबेंहि मेश्रामच. दूरच्या व्हिएतनामांतहि हाच प्रकार. चिनी ‘रुआन’ व व्हिएतनामी ‘न्गुएन’ हे एकाच अक्षराचे दोन उच्चार. पण १२३२ सालीं तेथील नव्या राजवंशानें पदच्युत ली घराण्यास तें नांव घ्यावयास लाविलें. तेवढ्यानें त्यांचें कूळ पालटलें काय?

आडनांव गांवाची वाट दाखवितें, घर दाखवीत नाहीं. तें ऐकतांच जात लिहून मोकळें होणाऱ्यानें आधीं त्या माणसालाच विचारावें.