आम्ही शाळेच्या निवडणुकीस उभे राहिलो

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी आपली प्रथा आहे. आम्ही विद्वान नव्हे, आणि ज्या निवडणुकीविषयी बोलावयाचे तीही फार मोठी नव्हे. आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीची ती निवडणूक. तीत आम्ही सदस्य झालो, परंतु अध्यक्षपदास उभे राहिलो आणि पडलो. पडलेल्या उमेदवाराचे भाषण ऐकण्याची पाळी आपणांवर आली, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो.

समिती म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. 1882 साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. 1911 साली नामदार गोखल्यांनी त्यासाठी विधेयक आणले. ते पुढील वर्षी फेटाळले गेले. 1917 साली राजर्षि शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला. पुढे 1923 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे गेल्या, आणि 1962 पासून ग्रामीण शाळांचा कारभार जिल्हा परिषदांकडे आला. मात्र या सर्व व्यवस्थेत देखरेख करणारा माणूस बहुधा शाळेपासून दूर, कचेरीत बसलेला असे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने, जो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला, त्याला शाळेच्या ओटीवर आणून बसविले. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे हा कायदा सांगतो. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कोठे खर्च होते ते पाहणे, ही तिची कामे. पालक म्हणून उभे राहण्यास पदवी लागत नाही, धन लागत नाही; आपले मूल त्या शाळेत असावे लागते.

येथेच आमची कहाणी सुरू होते. आमचे कापडाचे लहानसे दुकान आहे. 2020 साली साथीमुळे ते कित्येक महिने बंद राहिले. चिरंजीव खाजगी इंग्रजी शाळेत होते, फी थकली. 2021 च्या जूनमध्ये आम्ही त्यास जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले. हे आम्ही तत्त्वासाठी केले असे सांगितले तर आपण टाळ्या वाजवाल, पण ते खोटे ठरेल. आम्ही ते नाइलाजाने केले, आणि आपणांपासून लपविले. त्या वर्षी मंडळाच्या गुणगौरवाचा अर्ज भरताना शाळेच्या नावाची जागा आम्ही कोरी सोडली. "बाबा, माझ्या शाळेचे नाव लिहिले नाही," असे मुलाने म्हटले. त्याला आम्ही काय उत्तर दिले ते आज आठवत नाही, किंवा आठवावेसे वाटत नाही.

पुढील वर्षी समितीची निवड निघाली. आपल्यातील एक ज्येष्ठ गृहस्थ घरी आले व म्हणाले, "आपला माणूस समितीवर हवाच. गावात आपली अकरा घरे आहेत, काळजी करू नका." आम्हांसही हुरूप आला. अकरा घरे फिरलो. सर्वांनी चहा दिला, आशीर्वाद दिले. मत मात्र एकालाही देता येत नव्हते, कारण त्या अकरांपैकी एकाही घराचे मूल त्या शाळेत नव्हते. आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "ज्यांची मुले आपल्या मुलाशेजारी बसतात, त्यांच्या घरी कधी जाणार?"

तेव्हा वीटभट्टीच्या वस्तीत गेलो. फुले-शाहूंच्या कार्यावर एक भाषण आम्ही पाठ केले होते. एका बाईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, पोरींच्या संडासाला आतून कडी न्हाई. तुम्हांला ठाव हाय का?" आम्हांस ठाऊक नव्हते. वर्षभर रोज मुलाला फाटकापर्यंत पोहोचविणारा हा उमेदवार फाटकाच्या आत कधी गेलाच नव्हता. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि पुष्कळदा परत येत नाहीत, याचे कारण त्या बाईस ठाऊक होते.

पालकसभेत आम्ही दोघेही सदस्य झालो. अध्यक्षपदासाठी दोन नावे आली: त्यांचे आणि आमचे. आम्हांस तीन मते पडली, त्यांतील एक आमचेच होते. त्या रात्री वाईट वाटले, हे कबूल करतो. व्यापार करणारा, हिशेब जाणणारा माणूस मागे राहिला, असे मनात आले.

दुसऱ्या दिवशी त्या बाई दुकानाच्या पायरीशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला लिवता येत न्हाई. तुम्ही लिवा, मी सांगते." आराखडा तसा झाला: त्या सांगत होत्या, आम्ही लिहीत होतो. पहिल्या ओळीत कडी, दुसरीत पाण्याची टाकी, तिसरीत वाचनाची पुस्तके. कडीला अनुदानाची वाट पाहावी लागली नाही. आठवड्याच्या आत ती बसली. मधल्या सुट्टीनंतर मुलींच्या बाकांवर रिकाम्या जागा कमी दिसू लागल्या. शाळेचा हिशेब आम्ही आजही मोठ्याने वाचून दाखवितो, आणि त्या मध्येच थांबवून प्रश्न विचारतात.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाने अनेकांस शिष्यवृत्त्या दिल्या. आमच्या वडिलांचे शिक्षणही तिच्यावरच झाले. ते ऋण आम्ही विसरलो नाही. म्हणूनच दोन विनंत्या करतो. ज्यांची मुले सरकारी शाळेत आहेत त्यांनी अर्जावर शाळेचे नाव ठळक अक्षरांत लिहावे, आणि मंडळाने ते या व्यासपीठावरून तितक्याच अभिमानाने वाचावे. दुसरी अशी, की पालकसभेची सूचना आली म्हणजे जावे, उभे राहावे. परंतु ज्ञातीची घरे मोजून उभे राहू नये. आपल्या मुलाच्या बाकावर शेजारी कोण बसते ते विचारावे, आणि पहिले त्याच्या घरी जावे.

यंदाच्या अर्जावर शाळेचे नाव आमच्या चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. अक्षर फारसे चांगले नाही. वाचून घ्यावे, ही प्रार्थना.